बटाटेचोर, पाद्री आणि गावची गरीबपट्टी

२२ जुलै १७७७ ची दुपार. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या कॅसल कॅरी गावात रॉबर्ट बिगन नावाच्या माणसाला एका गाडीच्या मागे बांधलं आणि फटके मारत गावभर फिरवलं. जॉर्ज नावाच्या खानावळीपासून वरात निघाली, एंजल नावाच्या खानावळीपर्यंत गेली, तिथून मागे वळून रॉयल ओकपाशी आणि शेवटी पुन्हा जॉर्जच्या दारात. गुन्हा काय, तर बटाटे चोरले. बिगन सराईत चोर म्हणून माहीत होता. जल्लादाने हात आखडता घेऊ नये म्हणून गावकऱ्यांनी चक्क वर्गणी काढली. १७ शिलिंग ६ पेन्स जमले. एवढं करून जल्लाद निघाला म्हातारा, आणि फटके काही मनासारखे बसले नाहीत.

हे आपल्याला कळतं ते जेम्स वुडफर्ड नावाच्या पाद्र्याच्या रोजनिशीतून. आपण त्या वर्गणीत एक छदामही दिला नाही, हेही तो आवर्जून लिहितो.

भला माणूस. पण त्याच वर्षीच्या मार्चमधली त्याची एक नोंद वाचा. रात्री अकराच्या सुमाराला, झोपायला जायच्या वेळी, दिवाणखान्याच्या खिडकीखाली कोणीतरी शीळ घातली. घरातले दचकले. बाहेर अँड्र्यूज नावाचा चोरटा माल विकणारा उभा होता, जकात चुकवून आणलेला सहा पौंड वजनाचा चहा घेऊन. पाद्रीबुवांनी त्याला जिनचा घोट पाजला आणि पौंडाला साडेदहा शिलिंग या भावाने रोख पैसे मोजले. हिशेब केला तर ६३ शिलिंग होतात. दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुराला तेव्हा आठवड्याला साधारण सात-आठ शिलिंग मिळत. म्हणजे त्याची दोन महिन्यांची मजुरी एका चहाच्या पिशवीत गेली. बटाटे चोरणं आणि जकात बुडवणं, कायद्याने दोन्ही गुन्हेच. एकाला गावाने वर्गणी काढून फटके दिले, दुसऱ्याला जिन पाजली.

म्हणूनच त्या काळच्या इंग्रजी खेड्यातला न्याय समजून घ्यायचा तर कायद्याच्या पुस्तकापासून सुरुवात करून भागत नाही. कोण कोणाला ओळखतो, आणि कोणाच्या खिशातून पैसे जाणार आहेत, इथून सुरुवात करावी लागते. न्यायदान आणि गरिबांना मदत ही तेव्हा दोन वेगळी खाती नव्हतीच. तीच माणसं, तेच टेबल, बऱ्याचदा तोच कागद.

आधी गाव कसा बांधलेला होता ते पाहू. सगळ्यात लहान एकक म्हणजे पॅरिश, एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सुमारे पंधरा हजार पॅरिश होत्या. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपापल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी टाकली होती, आणि त्यासाठी जमीन-घरं धरणाऱ्यांकडून कर गोळा व्हायचा. आपल्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी असते, तशी ही गरीबपट्टी म्हणू. ती गोळा करायची आणि वाटायची हे काम ओव्हरसीअर नावाच्या गावकऱ्याकडे. पगार शून्य, मुदत एक वर्ष, नेमणूक ईस्टरच्या सुमाराला. शेतकरी, दुकानदार, गिरणीवाला, पाळी येईल त्याने करायचं. कॉन्स्टेबलचंही तेच. आज ज्याच्या हातात वॉरंट आहे तो उद्या पुन्हा आपला नांगर धरणार. पोलीसदल नावाची गोष्टच नव्हती. ससेक्समधल्या ईस्ट होथली गावचा टॉमस टर्नर हा दुकानदार याचं उत्तम उदाहरण. १७५४ ते १७६५ या काळात त्याने रोजनिशी ठेवली. दुकानात साखर-कापड विकता विकता तो चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारा गावकरी, झाला, ओव्हरसीअर झाला, कर गोळा करणारा झाला. व्हेस्ट्रीच्या, म्हणजे करदात्या गावकऱ्यांच्या बैठकींना जायचा आणि तिथली भांडणं घरी येऊन लिहून काढायचा. आपल्याकडच्या ग्रामसभांना बसलेल्या माणसाला त्या नोंदी अजिबात परक्या वाटणार नाहीत.

या सगळ्यांच्या वर जस्टिस ऑफ द पीस, थोडक्यात जेपी. मुंबईकरांना ही अक्षरं माहीत आहेत. १७९३ च्या कायद्याने मुंबईतही जेपी नेमायची सोय झाली, आणि शहराची साफसफाई पाहण्याचं काम त्यांच्याकडे आलं. पुढे जगन्नाथ शंकरशेट हे सुरुवातीच्या भारतीय जेपींपैकी एक होते. मूळ इंग्लंडातला जेपी म्हणजे जमीनदार, आणि शतकाच्या उत्तरार्धात बऱ्याचदा पाद्री. वर्षाला किमान १०० पौंडांचं जमिनीचं उत्पन्न असेल तरच हे पद मिळे. वकिलीचं शिक्षण लागत नसे. बहुतेकांचा आधार म्हणजे रिचर्ड बर्न नावाच्या पाद्र्याने १७५५ साली काढलेला जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ. विषय बाराखडीप्रमाणे लावलेले, भांडण दारात आलं की पान काढून बघायचं.

आणि दारात म्हणजे खरोखर दारात. जेपीचं न्यायालय म्हणजे त्याच्या घरातली बैठकीची खोली. मोलकरीण तक्रार घेऊन येई की मालकाने पगार दिला नाही. मालक येई की गडी काम अर्धवट टाकून पळाला. शेजारणी एकमेकींच्या झिंज्या उपटून येत. शपथेवर जबानी घ्यायची, समोरच्याला बोलावणं धाडायचं, आणि जमलं तर तिथेच मिटवून टाकायचं. विल्टशायरमधल्या विल्यम हंट या जेपीची १७४४ ते १७४९ ची टिपणवही आजही वाचायला मिळते. तिच्यात कितीतरी प्रकरणांपुढे शेवट एवढाच दिसतो की दोघांचं जमलं. एकाने माफी मागितली, थोडे पैसे दिले, वॉरंटचा खर्च वाटून घेतला, संपलं.

एकटा जेपी ज्युरीशिवाय काही शिक्षाही देऊ शके. त्यांतली शिव्या देण्याबद्दलची शिक्षा मला फार आवडते. १७४६ च्या कायद्याने शपथा-शिव्यांचा दरच ठरवून दिला होता. मजूर, सैनिक, खलाशी यांना शिवीमागे एक शिलिंग, त्यावरच्या पण जंटलमनहून खालच्या माणसाला दोन, जंटलमनला पाच. तोंड एकच, भाव तीन! दिसायला हे श्रीमंताला जड. पण मजुराचं एक शिलिंग म्हणजे जवळपास दिवसाची कमाई, आणि नाही भरलं तर दहा दिवस सुधारगृहात.

सुधारगृह, म्हणजे तिथे ब्राइडवेल म्हणत ते, हे तुरुंगाचं धाकटं भावंड. आळशी, भटके, काम सोडून पळालेले नोकर यांना कामाला जुंपायची जागा. १७४४ चा भटक्यांविषयीचा कायदा तर वाचण्यासारखा आहे. भिकारी, भविष्य सांगणारे, परवान्याशिवाय नाटकं करणारे, बायका-पोरं पॅरिशच्या गळ्यात टाकून पळालेले नवरे, सगळे एकाच माळेत ओवलेले. धागा हाच की ही माणसं कोणाच्या तरी गरीबपट्टीवर भार टाकतील.

मोठ्या गोष्टी वर जात. वर्षातून चार वेळा परगण्यातले जेपी एकत्र बसत, त्याला क्वार्टर सेशन्स म्हणत. तिथे ज्युरी असे. त्याहून गंभीर खटले असाइझेसमध्ये, जिथे राजधानीतले न्यायाधीश साधारण वर्षातून दोनदा फेरीवर येत. चोरीच्या मालाची किंमत १२ पेन्सांपर्यंत असेल तर ती क्षुल्लक चोरी, फटके किंवा थोडे दिवस कैद. त्याच्या वर गेली की मोठी चोरी, आणि कायद्याच्या भाषेत मोठ्या चोरीला फाशी. प्रत्यक्षात एका जुन्या सवलतीमुळे साध्या चोरीच्या पहिल्या गुन्ह्याला जीव वाचत असे, आणि १७१८ नंतर अशा माणसाला सात वर्षांसाठी अमेरिकेतल्या वसाहतींत धाडत. पण संसद एकेका गुन्ह्याची ही सवलत काढून घेत होती. मेंढी चोरण्याची १७४१ मध्ये गेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फाशीच्या गुन्ह्यांची संख्या दोनशेच्या पुढे पोचली होती.

एवढे फास टांगलेले आणि फाशी गेलेले त्या मानाने थोडे, हे कसं? एक तर ज्युरी. शेजारच्या गावांतले हे शेतकरी-दुकानदार समोरच्या बाईकडे बघत आणि चांगल्या धडधाकट चादरीची किंमत दहा पेन्स ठरवून मोकळे होत. ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने याला पुण्याची खोटी शपथ अशा अर्थाचं नाव दिलं. दुसरं कारण खर्चाचं. सरकारी वकील नव्हता. ज्याची चोरी झाली त्यानेच चोर शोधायचा, फिर्याद द्यायची, कारकुनाची फी भरायची, साक्षीदारांना दूरच्या शहरात न्यायचं, खायला-राहायला घालायचं. १७५२ पासून गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर काही खर्च परत मिळण्याची तरतूद झाली, तरी एका कोंबडीसाठी एवढं कोण करणार? आणि समजा केलं. चोर तुरुंगात गेला की त्याची बायको आणि चार पोरं ओव्हरसीअरच्या दारात. म्हणजे फिर्यादीची कोंबडीही गेली, आणि चोराच्या कुटुंबाला पोसायची गरीबपट्टीही त्यालाच. माझ्या मते त्या खेड्यांतली अर्धी क्षमाशीलता या हिशेबातून आली असावी.

शिकारीच्या बाबतीत मात्र क्षमाशीलता आटायची. १६७१ च्या कायद्याप्रमाणे ससा किंवा तितर मारायचा हक्क फक्त वर्षाला १०० पौंडांची स्वतःची जमीन असणाऱ्याला, किंवा त्याच्या जोडीच्या मोजक्या लोकांना. बाकीच्यांना, अगदी स्वतः कसत असलेल्या शेतातही, बंदी. पकडला तर पाच पौंड दंड, नाहीतर तीन महिने कैद. पाच पौंड म्हणजे १०० शिलिंग. मजुरीचा वरचा आकडा आठवा. आणि निकाल देणारा जेपी बहुधा स्वतःच शिकारीचा शौकीन, कधीकधी ज्याचा ससा गेला त्याचा पाहुणा. इथे ज्युरीही नाही.

आता मदतीकडे येऊ. ओव्हरसीअरच्या हिशेबवह्या चाळल्या तर एक खेडंच समोर उभं राहतं. म्हाताऱ्या विधवेला आठवड्याला एक-दोन शिलिंग. कोणाच्या पोराला बूट. सुईणीचे पैसे. सरपण. मोडलेला हात बसवण्याचे. शवपेटीचे, आणि मयताला आलेल्यांच्या बिअरचे. काही ठिकाणी हात बराच सढळ दिसतो. पण कमीपणा द्यायचीही सोय होती. १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्याने उजव्या बाहीवर, खांद्यापाशी, लाल किंवा निळ्या कापडाचं पी हे अक्षर आणि सोबत पॅरिशचं आद्याक्षर लावायचं होतं. सगळीकडे ते पाळलं गेलं नाही. तरी कायदा १८१० पर्यंत टिकला. १७२३ च्या कायद्याने वर्कहाउस उघडायला मुभा दिली: मदत हवी तर आत राहायला या, नाहीतर मिळणार नाही. १७८२ च्या गिल्बर्टच्या कायद्याने मात्र उलट वाट काढली, की जिथे हा कायदा स्वीकारला असेल तिथे वर्कहाउसमध्ये ठेवायचे ते फक्त म्हातारे, आजारी, पोरके. धडधाकटांना बाहेर काम शोधून द्यायचं.

ओव्हरसीअरने हाकलून दिलं तर? इथे या व्यवस्थेतली मला सगळ्यात रोचक वाटणारी गोष्ट येते. गरीब माणूस ओव्हरसीअरच्या डोक्यावरून थेट जेपीकडे जाऊ शकत असे. आधी ओव्हरसीअरकडे मागितलं आणि त्याने नाकारलं, असं शपथेवर सांगायचं. जेपी मग ओव्हरसीअरला बोलावून घेई, आणि पटलं तर मदतीचा हुकूम काढी. म्हणजे ज्या खोलीत सकाळी नवऱ्याला सशासाठी दंड झाला, त्याच खोलीतून संध्याकाळी बायको भाकरीचा हुकूम घेऊन बाहेर पडू शके. जमीनदार जेपीला यात थोडं मोठेपण मिरवता येत असे, कारण पैसे मुख्यतः जायचे शेतकऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या खिशातून.

पण मदत कोणत्या गावाने करायची? हा प्रश्न सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी. १६६२ च्या कायद्याने सेटलमेंट ही कल्पना पक्की केली. प्रत्येकाला एक हक्काचं गाव, आणि मदत तिथेच. ते गाव मिळायचं बापाकडून, बाईला नवऱ्याकडून, धंदा शिकायला उमेदवारी केलेल्या ठिकाणी, वर्षाला १० पौंड भाड्याची जागा घेतली तर, किंवा अविवाहित असताना एकाच मालकाकडे पूर्ण वर्षभर नोकरी केली तर. या शेवटच्या नियमाने काय काय घडवलं पाहा. वर्ष भरलं की गडी आपल्या पॅरिशचा होणार, उद्या म्हातारा झाला की आपल्याच पट्टीवर येणार. म्हणून मालक ५१ आठवड्यांसाठीच नोकरीला ठेवत. आपल्याकडे कंत्राटी कामगाराला मध्ये ब्रेक देतात ना, तीच युक्ती.

ज्याच्यावर खर्च होण्याची शंका, त्याला दोन जेपींसमोर उभं करून विचारत: कुठे जन्मलास, बाप कुठला, कोणाकडे किती दिवस राहिलास, पगार काय, लग्न कधी. मग दोघांच्या सहीचा हुकूम, आणि कॉन्स्टेबल त्याला हक्काच्या गावी पोचवून येणार. ते गाव मानलं नाही तर क्वार्टर सेशन्समध्ये अपील. दोन पॅरिश एका म्हातारीवरून वकील लावून भांडत आणि तिला दहा वर्षं पोसता आलं असतं एवढा पैसा उडवत.

सगळ्यात वाईट अवस्था लग्नाआधी दिवस गेलेल्या बाईची. लग्नाबाहेरचं मूल जिथे जन्मेल तिथलं होतं. म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला हद्दीपलीकडे घालवायची घाई व्हायची. बापाचं नाव शपथेवर घ्यायला लावत, आणि १७३३ च्या कायद्याने त्या माणसाला जामीन देईपर्यंत कैदेत ठेवता येई. सुटायचा सोपा रस्ता म्हणजे लग्न. परवान्याचा, कधी अंगठीचाही खर्च पॅरिश आनंदाने करी, विशेषतः नवरदेव दुसऱ्या गावचा असेल तर. कारण बाई आणि मूल दोन्ही तिकडचे होणार. जानेवारी १७८७ मध्ये आपल्या वुडफर्डने असंच एक लग्न लावलं. नवरदेव कैदेतून आणलेला, चर्चच्या आवारात कितीतरी वेळ अडून बसलेला, वेदीपाशीही नीट वागेना. कायद्याने कोणालाही लग्न करायला भाग पाडणं क्रूर आहे, असं वुडफर्डने लिहिलं. लग्न मात्र लावलं, आणि साडेदहा शिलिंग दक्षिणाही घेतली. एक पौंड चहाचा भाव.

शतकाच्या शेवटी ताण वाढत गेला. सामायिक गायरानांना कुंपणं पडली, लोकसंख्या वाढली, धान्य महागलं. कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचायला, आपल्या भाषेत सरवा वेचायला, बायका-पोरं पिढ्यान्‌पिढ्या जात आली होती. सफकमधल्या टिमवर्थ गावची मेरी हाऊटन शेतकऱ्याच्या मर्जीविरुद्ध वेचायला गेली, आणि १७८८ साली न्यायाधीशांनी बहुमताने सांगितलं की असा हक्क कायद्यात नाही. रिवाज एका निकालाने चोरीच्या जवळ जाऊन बसला. (बायका वेचत राहिल्या, तो भाग वेगळा. कित्येक गावांत सरवा वेचायची वेळ कळवायला त्यानंतरही चर्चची घंटा वाजत असे.)

मग ६ मे १७९५ रोजी बर्कशायरचे जेपी स्पीनहॅमलंडच्या पेलिकन खानावळीत जमले. मजुरी वाढवायची सक्ती करावी का यावर बोलणं झालं, आणि ठरलं ते वेगळंच: पावाच्या किमतीचं कोष्टक. आठ पौंड अकरा औंसांचा मोठा पाव एक शिलिंगाला असेल तर कष्टकरी माणसाला आठवड्याला तीन शिलिंग लागतात, बायको आणि प्रत्येक पोरामागे दीड. बायको आणि तीन पोरं असतील तर एकूण नऊ. मजुरी साडेसात असली तर उरलेला दीड शिलिंग गरीबपट्टीतून. पाव महागला की आकडे चढणार. हा संसदेचा कायदा नव्हता, तरी दक्षिणेतल्या बऱ्याच भागांनी असाच काहीतरी मार्ग धरला. मालकांना हे सोयीचंच होतं, मजुरीतला तुटवडा सगळं गाव भरून काढणार. गरिबांवरचा खर्च १७७६ मध्ये सुमारे १५ लाख पौंड होता, तो १८०३ पर्यंत ४० लाखांच्या पुढे गेला. १८३४ साली ही जुनी घडी मोडून कडक वर्कहाउसची नवी व्यवस्था आली.

जुन्या व्यवस्थेचे कागद मागे राहिले. चर्चमध्ये तीन कुलपांची एक लाकडी पेटी असे, एक किल्ली पाद्र्याकडे, दोन चर्चवॉर्डनांकडे. उद्या दुसऱ्या पॅरिशने म्हातारी आपल्या गळ्यात घातली तर दाखवायला पुरावा हवा, म्हणून सेटलमेंटच्या जबान्या तिच्यात जपून ठेवत. त्यामुळे ज्यांच्याबद्दल एरवी कोणी एक ओळही लिहिली नसती अशा मोलकरणी आणि गुराखी आज आपल्याला वर्षावर्षाच्या हिशेबाने माहीत आहेत: मायकेलमसला, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या सणाला, अमक्या शेतकऱ्याकडे लागली, वर्षाला इतका पगार, वर्ष भरायला थोडे दिवस राहिले असताना काढली. कारकून हे वाचून दाखवी, लेखणी तिच्या हातात देई. ती खाली एक वाकडी फुली काढी, आणि कारकून फुलीच्या दोन्ही बाजूंना तिचं नाव लिही.